वाचकांचे प्रश्न: ओल्ड गोव्यातला अर्धा मनोरा आणि समोरचं कॉन्व्हेंट

सुट्ट्या संपल्या की निम्मा महाराष्ट्र गोव्याहून परत येतो आणि मग आमच्याकडे पत्रं सुरू होतात. यावेळी बीच आणि मासळी सोडून चक्क ओल्ड गोव्यातल्या चर्चबद्दल इतके प्रश्न आलेत की हा अख्खा भाग त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचा प्रश्न जसाच्या तसा दिसला नाही तरी उत्तर कुठेतरी सापडेल.

प्रश्न (पुणे): बॉम जीझस चर्चच्या पुढे टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचा एक उंच अर्धवट मनोरा उभा आहे, बाकी नुसते अवशेष. आणि रस्त्यापलीकडे सांता मोनिका कॉन्व्हेंट, म्हणजे नन्सचा मठ, तीन मजली, धडधाकट. दोन्ही एकाच काळातली, दगडही तोच. मग एक पडलं आणि एक राहिलं असं का? आमचा गाइड म्हणाला ऑगस्टीन संभाजीराजांनी पाडलं, खरं का?

उत्तर: आधी गाइडचा निकाल लावू. खरं नाही. संभाजीराजे १६८३ च्या नोव्हेंबरात जुवें बेटापर्यंत आले होते, सांतो इस्तेव्ह म्हणतात ते, म्हणजे ओल्ड गोव्यासमोर, मधे फक्त नदी. तिथला किल्ला घेतला आणि शहरात अशी घाबरगुंडी उडाली की व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर बॉम जीझसमधे गेला, सेंट झेवियरच्या मृतदेहाची पेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड त्यात ठेवून दिला, आता तूच बघ बाबा काय ते. पण मोगल फौजा कोकणात उतरायला लागल्या, राजांना वळावं लागलं, मराठे शहरात शिरलेच नाहीत. ऑगस्टीनचं चर्च त्यानंतरही दीडशे वर्षं ताठ उभं होतं.

आता मूळ प्रश्न, आणि हा फार चांगला प्रश्न आहे कारण त्याचं उत्तर दगडात नाहीये, लिस्बनमधल्या एका कागदात आहे.

ऑगस्टिनियन, म्हणजे सेंट ऑगस्टीनच्या पंथाचे साधू गोव्यात आले १५७२ मधे. टेकडीवर त्यांनी मठ बांधला आणि १५९७ ते १६०२ मधे हे मोठं चर्च उभं केलं, मूळ नाव नोसा सेन्योरा द ग्रासा. मनोरा ४६ मीटर उंच, सगळा जांभ्याचा, आणि चर्चच्या मधल्या भागावर दगडी कमानीचं अर्धगोल छत, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग, आधाराला मधे खांब नाहीत. ते कसं दिसत असेल याचा अंदाज आज तिथे उभं राहिलं तरी येतो, दोन्ही बाजूंना छोट्या चॅपलांची रांग आणि डोक्यावर थेट आभाळ.

त्याच काळात गोव्याचा आर्चबिशप होता आलेशू द मेनेझिश, तो स्वतः ऑगस्टिनियन. त्याने १६०६ मधे समोरच बायकांसाठी कॉन्व्हेंट सुरू केलं आणि नाव दिलं सांता मोनिका. मोनिका म्हणजे सेंट ऑगस्टीनची आई, म्हणजे टेकडीवर एका बाजूला मुलाचा मठ आणि समोर आईचा. १६२७ ला काम पूर्ण झालं, १६३६ ला आगीत जळालं, आणि पुढच्या वर्षापासून परत बांधून काढलं. हे लक्षात ठेवा, कारण नशीब बघायचं तर सांता मोनिकाचंच जास्त खराब होतं.

मग आलं १८३४. पोर्तुगालमधे यादवी होऊन उदारमतवादी पक्ष जिंकला होता आणि मठवाले हरलेल्या राजाच्या बाजूचे असा त्यांचा राग होता. आगियार नावाच्या मंत्र्याने हुकूम काढला की पुरुष साधूंचे सगळे मठ बंद, मालमत्ता सरकारजमा. त्या माणसाला लोकांनी साधूमाऱ्या असंच टोपणनाव ठेवलं होतं. हुकूम १८३५ मधे गोव्यात लागू झाला, ऑगस्टिनियन गेले, चर्चला कुलूप. आणि १८४२ मधे छत कोसळलं. म्हणजे सव्वादोनशेच्या वर पावसाळे काढलेलं छत रिकामं झाल्यावर सात पावसाळे टिकलं!

पण नन्सना त्या हुकुमात वेगळा न्याय होता. त्यांना घालवलं नाही, फक्त नवीन मुलगी घ्यायची नाही असं ठरवलं, आहेत त्यांनी मरेपर्यंत राहायचं आणि शेवटची गेली की मठ सरकारचा. क्रूरच प्रकार आहे एक प्रकारे, दरवर्षी पंगतीतलं एकेक पान कमी होत जाणार आणि सगळ्यांना शेवट माहिती. सांता मोनिकातली शेवटची नन वारली १८८५ मधे. म्हणजे ऑगस्टीन रिकामं झाल्यावर आणखी पन्नास वर्षं त्या इमारतीत माणसं होती, चूल पेटत होती, कौल फुटलं तर बदललं जात होतं. नंतर तिथे पोर्तुगीज सैनिक राहिले, आणि १९६४ पासून मातेर देई इन्स्टिट्यूट, जिथे आजही सिस्टर्सचं शिक्षण चालतं. इमारत कधी फार काळ ओसाड पडली नाही एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे कोकणात बंद घरांचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. गोव्यात वर्षाला १२० इंचांच्या आसपास पाऊस. एकदा छपरातून पाणी आत यायला लागलं की चुन्याचा जोड सुटतो, फटीत पिंपळ उगवतो, आणि दगडी कमानीचा स्वभाव असा की ती कायम भिंतींना बाहेर ढकलत असते, भिंत जरा हलली की कमान खाली. ऑगस्टीनचा दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा भाग पडला तो तर १९३१ मधे, आणखी काही १९३८ मधे. आता जे दिसतं ते त्यातून उरलेलं.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे घरं चिऱ्याचीच, म्हणजे जांभ्याचीच असतात आणि चिरा उघडा ठेवला तरी चालतो असं गवंडी म्हणतात. बॉम जीझस पण तसंच उघड्या लाल दगडाचं आहे. मग तिथे प्लास्टर करायचं की नाही यावर वाद कसला? आणि त्यात वसईचा दगड वापरलाय हे खरं का?

उत्तर: गवंड्याशी भांडायचं नाही म्हणून एवढंच म्हणतो की चिऱ्या-चिऱ्यात फरक असतो आणि तुमच्या घराला वळचण असते. छप्पर भिंतीच्या दोन-तीन फूट बाहेर येतं, पाऊस थेट भिंतीवर बसत नाही. चर्चच्या चार मजली दर्शनी भिंतीला कसली वळचण?

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून बांधायला एकदम सोयीचा. पण भोकं भोकं असतात, पाणी पितो. त्यावर नक्षी कोरायची तर बारीक काम टिकत नाही. म्हणून पोर्तुगीजांनी दोन गोष्टी केल्या. भिंत जांभ्याची आणि त्यावर चुन्याचा जाड गिलावा, दर काही वर्षांनी परत पांढरा करायचा. आणि जिथे कोरीवकाम पाहिजे, म्हणजे खांब, कमानीच्या कडा, चिन्हं, तिथे काळा बसाल्ट. तो बसाल्ट गोव्यात तसा मिळत नाही, तो वसईहून गलबतांनी आणला. म्हणजे तुमची माहिती बरोबर आहे. बॉम जीझसच्या तोंडावर जाऊन उभे राहा, लाल भिंत खरवडल्यासारखी झालेली दिसेल आणि शेजारचा काळा खांब मात्र कडा अजून धारदार, दोघांचं वय एकच. वर मधोमध जेझुइटांची अक्षरं कोरलेली आहेत तीही नीट वाचता येतात.

वाद असा की बॉम जीझस मुळात लाल नव्हतंच. १५९४ ला काम सुरू, १६०५ ला चर्च म्हणून पवित्र केलं, आणि पुढची साडेतीनशे वर्षं ते गिलावा केलेलं होतं, शेजारचं से कॅथेड्रल आज पांढरं दिसतं ना तसंच. १९५० च्या दशकात बाल्ताझार काश्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाने गिलावा काढून टाकला, दगड दिसला की इमारत जुनी आणि भारदस्त वाटते अशी तेव्हाची फॅशन. पोर्तुगालमधेही त्यांनी बऱ्याच इमारतींना हेच केलं होतं पण तिकडचा दगड निराळा आणि पाऊस निराळा. आता सत्तर वर्षं तो जांभा उघड्यावर भिजतोय. पोस्टकार्डावर, पर्यटनाच्या जाहिरातीत, सगळीकडे तोच लाल चेहरा बसलाय त्यामुळे परत पांढरा करा म्हटलं की लोकांना वाटतं हे काय भलतंच. आमचं मत विचाराल तर गिलावा करावा. फोटो बिघडेल, भिंत वाचेल.

प्रश्न (नागपूर): सांता मोनिकात कोण बायका राहायच्या? जबरदस्तीने ठेवायचे का? आणि बेबिंका, ती गोव्याची थराथरांची मिठाई, त्यांनीच शोधून काढली म्हणतात ते खरं आहे का?

उत्तर: मुख्यतः पोर्तुगीज घरांतल्या मुली, विधवा आणि मिश्र वंशाच्या घरांतल्या. त्या काळात पोर्तुगीज पुरुष आज इथे तर उद्या मलाक्का नाहीतर मोझांबिक, लढाईत गेला, तापाने गेला, मागे बायको-पोरी उरल्या तर त्यांचं काय? हुंडा तिकडेही होता. एका मुलीचं लग्न लावून दुसरीला मठात पाठवणारी घरं होती, मनापासून गेलेल्या होत्या, नाइलाजाने गेलेल्याही असणार. सगळ्यांना एका काठीने हाकता येणार नाही. पण आपल्याकडे त्याच शतकात विधवेच्या वाट्याला काय यायचं ते आठवलं तर जिथे लिहायला वाचायला मिळतं, गायला मिळतं, आणि मठाचा कारभार बायकाच बघतात अशी जागा काहींना बरीही वाटली असेल. पूर्वेकडच्या सगळ्यात मोठ्या कॉन्व्हेंटमधे याची गणना व्हायची.

इमारत बाहेरून किल्ल्यासारखी आहे. रस्त्याच्या बाजूने भिंतीला प्रचंड तिरके टेकू दिलेत, इतके मोठे की त्याच्या कमानीखालून जाता येतं, गोव्यात असं दुसरीकडे सहसा दिसत नाही. आत मात्र मधोमध मोकळं अंगण आणि चारही बाजूंनी ओवऱ्या, वाड्यातल्या चौकात वाढलेल्या माणसाला लगेच ओळखीचं वाटेल. बाहेरच्या जगाशी संबंध नको आणि उजेड-वारा तर पाहिजे, मग सगळं तोंड आतल्या बाजूला. चर्चमधे नन्सची बसायची जागा वेगळी, पाठीमागे, जाळीआड, मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, ऐकायचा पण कोणाला दिसायचं नाही.

तिथल्या एका क्रुसाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १६३६ मधे, म्हणजे आग लागली त्याच साली, क्रुसावरच्या येशूच्या मूर्तीने डोळे उघडले आणि जखमांतून रक्त आलं असं नन्सनी सांगितलं. तो क्रूस अजून आहे, लोक येतात, नवस बोलतात. मानायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा.

चर्चच्या भागात आता ख्रिश्चन कलेचं म्युझियम आहे. ते आधी राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवायच्या शाळेत होतं, २००२ मधे इथे हलवलं. तिथे एक वस्तू नक्की बघा, पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं प्रसाद ठेवायचं पात्र, मूळ याच कॉन्व्हेंटचं. पेलिकन स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतो अशी जुनी समजूत, म्हणून तो येशूचं चिन्ह. पण ज्या कारागिराने घडवला त्याने पेलिकन कुठे पाहिलेला असणार? तो पक्षी आपल्या हंसाकडे झुकलाय. गोव्यातल्या चर्चमधे हे जागोजागी सापडतं, लाकडी पुलपिटच्या, म्हणजे पाद्रीच्या प्रवचनाच्या सज्जाच्या खाली नागकन्या असतात, देवदूतांचे गाल आणि डोळे आपल्याकडच्या मूर्तींसारखे. ऑर्डर पाद्रीची, हात इथल्या सुताराचा आणि सोनाराचा, तो त्याला येतं तसंच करणार.

बेबिंकाची दंतकथा अशी की इथल्या बिबियाना नावाच्या सिस्टरने लिस्बनच्या सात टेकड्या म्हणून सात थर केले, पाद्रींना ते फारच कमी वाटले, मग सोळा केले. गोष्ट म्हणून छान आहे, पुरावा म्हणून काही नाही. पण कॉन्व्हेंट आणि अंड्याच्या पिवळ्याची मिठाई यांचं नातं मात्र खरंच जुनं आहे. पोर्तुगालमधल्या मठांत कपड्यांच्या खळीसाठी आणि वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरायचे, मग उरलेल्या पिवळ्याचं करायचं काय, तर साखर घालून गोड. गोव्यात त्यात नारळाचं दूध आलं.

प्रश्न (ठाणे): ऑगस्टीनच्या अवशेषांत कुठल्याशा परदेशी राणीचा हात सापडला असं तिथल्या बोर्डावर वाचलं. राणी इथे कशी?

उत्तर: राणी जॉर्जियाची, केतेवान नाव. काखेती राज्याची. इराणच्या शाह अब्बासने तिला कैदेत ठेवलं आणि धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मधे शिराझला हाल करून मारलं. तिथे ऑगस्टिनियन साधू होते, त्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले, काही जॉर्जियाला पोचवले आणि काही १६२७ मधे गोव्यात आणले, आपल्या मुख्य मठात. जुन्या पोर्तुगीज कागदांत अगदी जागा लिहिलेली होती, मठाच्या सभेच्या दालनात, खिडकीत, दगडी पेटीत. पण दालनच ढिगाऱ्याखाली गेलेलं, खिडकी कुठे शोधणार? जॉर्जियाचे लोक सोव्हिएत काळापासून विचारणा करत होते. शेवटी पुरातत्त्व खात्याने उत्खनन करत करत त्या दालनाचा नकाशा मोकळा केला, फुटलेली पेटी मिळाली, आणि जवळच हाताचं हाड. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने त्याचा डीएनए तपासला, जो प्रकार निघाला तो भारतीय नमुन्यांत सापडत नाही आणि जॉर्जियात सापडतो, २०१३ मधे ते प्रसिद्ध झालं. २०२१ च्या जुलैमधे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी अवशेषांचा काही भाग जॉर्जियाला समारंभपूर्वक दिला. तिथे ती संत आहे.

म्हणून तिथे फिरताना नुसता मनोऱ्याखाली सेल्फी काढून परतू नका, पायाखाली बघा. फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत, घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज मजकूर कोरलेल्या, आणि वेदींजवळच्या भिंतींवर अजून निळ्या-पिवळ्या टाइल्सचे तुकडे चिकटलेले आहेत.

प्रश्न (नाशिक): मनोऱ्यातली घंटा गेली कुठे? आमच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेसारखी कोणी नेली का?

उत्तर: नाशिककर हाच प्रश्न विचारणार! नाही, ही घरातच राहिली. आधी आग्वादच्या किल्ल्यावर आणि १८७१ पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवर, तेच ते झिगझॅग पायऱ्यांचं पांढरं चर्च जिथे सगळे फोटो काढतात. वर मधोमध दिसते तीच घंटा. गोव्यात मोठेपणात दुसरा नंबर, पहिली से कॅथेड्रलची सोन्याची घंटा, कुंकळ्ळीला १६५२ मधे ओतलेली. सोन्याची नाही बरं का, आवाज तसा म्हणून नाव. से कॅथेड्रललाही एकच मनोरा दिसतो, दुसरा १७७६ मधे पडला तो परत बांधलाच नाही. तोपर्यंत तापाच्या साथींनी शहर ओस पडायला लागलेलं, व्हाइसरॉयसुद्धा १७५९ मधे पणजीकडे सरकलेला, बांधणार कोणासाठी?

नारोशंकराची घंटा वेगळ्या वाटेने आली. चिमाजी आप्पांनी १७३९ मधे वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या, तुमच्याकडची एक, भीमाशंकरला एक, वाईजवळ मेणवलीला एक. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत, नीट बघितलं तर दिसतात. आणि वसई किल्ल्यातल्या चर्चचं पुढे तेच झालं जे पुण्याच्या वाचकांना ऑगस्टीनबद्दल सांगितलं, पाद्री गेले, छपरं गेली. तिकडे भिंती मात्र बऱ्याच उभ्या आहेत कारण दगड काळा.

प्रश्न (डोंबिवली): सोबत आई-बाबा आहेत, दोघांचेही गुडघे दुखतात. टेकडी चढणं जमेल का?

उत्तर: जमेल. टेकडी म्हणायला, बॉम जीझसपासून थोडासा चढ आहे आणि गाडी वरपर्यंत जाते. आधी म्युझियम करा, तिथे सावली आहे, मग रस्ता ओलांडून ऑगस्टीन. दुपारी बारा ते तीन टाळा, अवशेषांत झाड नाही. पावसाळ्यात गेलात तर चपला जपून, जांभ्यावर शेवाळ बसतं.